केसांतील खनिजांचा अहवाल आणि थायरॉइडची गोळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातील एका ४३ वर्षांच्या शिक्षिकेचे केस चार-पाच महिन्यांपासून मुठीने गळत आहेत आणि थकवा इतका आहे की दुपारनंतर वर्गात उभे राहवत नाही. सहा वर्षांपासून त्या थायरॉक्सिनची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेतात. एका आहार सल्लागाराने त्यांच्या मानेजवळचे केस कापून खनिजांच्या तपासणीला पाठवले. अहवालात कॅल्शियम व मॅग्नेशियम खूप वाढलेले, सोडियम व पोटॅशियम कमी, जस्त कमी आणि तांबे जास्त असे आले. त्यावरून त्यांना ‘मंद चयापचय’ आहे, शरीराभोवती ‘कॅल्शियमचे कवच’ तयार झाले आहे आणि सहा महिने पाच प्रकारची पूरके घेतल्यास थायरॉइडची गोळी हळूहळू बंद करता येईल, असे सांगण्यात आले. ही पूरके त्यांनी सुरूही केली आहेत. गोळी कमी करावी का, आणि अभ्यासात लक्ष न लागणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाचीही हीच तपासणी करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, पहिली गोष्ट आधी सांगतो, कारण ती थांबण्यासारखी नाही. थायरॉक्सिनची गोळी या अहवालावरून एक दिवसही कमी करू नका. कॅल्शियम आणि पोटॅशियम यांच्या केसांतील प्रमाणाच्या भागाकाराला या पद्धतीत ‘थायरॉइड गुणोत्तर’ म्हणतात. सोडियम भागिले मॅग्नेशियम म्हणजे ‘अ‍ॅड्रिनल गुणोत्तर’, सोडियम भागिले पोटॅशियम म्हणजे ‘चैतन्य गुणोत्तर’. नावे भारदस्त आहेत, पण या भागाकारांतून त्या त्या ग्रंथींचे काम कळते असे कोणीही रुग्णांच्या रक्ततपासणीशी ताडून पटेल अशा रीतीने दाखवलेले नाही. थायरॉइडचे काम टीएसएच आणि फ्री टी-४ या रक्ततपासण्यांतून कळते, आणि गोळीची मात्रा त्यावरूनच ठरते.

मी वैद्यकीय जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे काम करतो आहे आणि केसांच्या तपासणीला सरसकट नाकारणाऱ्यांपैकी नाही. ज्या यंत्रावर आपले केस तपासले गेले असतील ते बहुधा आयसीपी-एमएस असेल. ते उत्तम यंत्र आहे, आणि एका ग्रॅमच्या अब्जावधीव्या भागाइतके मूलद्रव्यही ते मोजते. आपल्या नमुन्यात कॅल्शियम जास्त होते, हे यंत्राने खरेच सांगितले असणार. प्रश्न यंत्राचा नाही. ते कॅल्शियम आपल्या केसांत कोठून आले, आणि त्याचा आपल्या शरीरातील कॅल्शियमशी काही संबंध आहे का, हा खरा प्रश्न आहे.

केस मुळाशी, त्वचेच्या आत, जिवंत पेशींतून घडतो. तिथे त्याला रक्तपुरवठा असतो आणि रक्तातील काही मूलद्रव्ये त्यात शिरतात. पण टाळूबाहेर आला की तो केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा मृत धागा असतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढणारा. बारा सेंटिमीटर लांब केसाचे टोक गेले वर्षभर ऊन, घाम, धूळ, तेल, मेंदी, शाम्पू आणि आंघोळीचे पाणी यांच्या संपर्कात राहिलेले असते. केरॅटिनमध्ये ऋणभार असलेल्या जागा असतात आणि पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे धनभारित कण त्यांना जाऊन चिकटतात. म्हणूनच एकाच केसात मुळापासून टोकाकडे जावे तसतसे कॅल्शियम वाढत जाते. जर हे कॅल्शियम शरीरातून आले असते, तर केसाच्या टोकाला ते जास्त असण्याचे काही कारण नव्हते.

आपण पत्रात ओघात लिहिले आहे की घरी बोअरचे पाणी आहे. माझ्या दृष्टीने आपल्या अहवालातील सर्वांत महत्त्वाची माहिती तीच आहे, आणि ती अहवालात कोठेच नाही. काही वर्षांपूर्वी बीडकडील एक रुग्ण असाच अहवाल घेऊन आल्या होत्या. मी त्यांना विचारले की पाणी तापवायचा हीटर कसा दिसतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी घरून तो पिशवीतून आणूनच दाखवला. कॉइलवर करंगळीएवढा जाड पांढरट, खरखरीत क्षाराचा थर होता, आणि नखाने टोकरल्यावर त्याच्या खपल्या टेबलावर पडल्या. त्यांचे केस रोज याच पाण्याने धुतले जात होते. रक्तातील कॅल्शियम अगदी व्यवस्थित होते. फेरिटिन मात्र ७ आले, म्हणजे लोहाचा साठा जवळजवळ रिकामा. नीट चौकशी केली तेव्हा कळले की दीड वर्षापासून पाळीत अंगावरून खूप जात होते, आणि ‘या वयात असे होतेच’ असे समजून त्या गप्प राहिल्या होत्या. गर्भाशयात गाठी होत्या. अहवालावर विसंबून आठ महिने पूरके घेण्यात गेले होते, आणि त्या आठ महिन्यांचा मला आजही राग येतो. तो राग त्या बाईंवर नाही.

शरीर कॅल्शियमचा हिशेब इतका काटेकोर ठेवते की रक्तातील पातळी साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यातून बाहेर जाऊ देत नाही. कमी पडले तर पॅराथायरॉइडचे संप्रेरक हाडांतून काढून देते. शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. आहारात ते कमी आहे की जास्त, हे जिथे खुद्द रक्तातूनही सरळ कळत नाही, तिथे टाळूबाहेरच्या मृत धाग्यावरून ते ओळखता येणार नाही. ‘कॅल्शियमचे कवच’ म्हणजे माणूस मनाने आक्रसून भोवती भिंत घालतो, असा अर्थही काही सल्लागार सांगतात. आपल्याला तो सांगितला गेला असेल आणि मनाला लागला असेल, तर कृपया तो विसरून जा. आपल्या पाण्यात क्षार आहेत, एवढाच त्याचा अर्थ असण्याची शक्यता फार मोठी आहे.

सोडियम आणि पोटॅशियमची गोष्ट आणखी नाजूक आहे. ही दोन्ही मूलद्रव्ये घामात असतात आणि पाण्यात सहज विरघळतात. नमुना तपासण्यापूर्वी प्रयोगशाळेने केस अ‍ॅसिटोनने धुतले, साबणासारख्या द्रावणाने धुतले, की धुतलेच नाहीत, यावर आकडा बदलतो, आणि सर्व प्रयोगशाळांची धुण्याची रीत एक नाही. म्हणजे ‘चैतन्य गुणोत्तर’ हे आपल्या चैतन्याइतकेच तिथल्या तंत्रज्ञाच्या बेसिनवरही अवलंबून असते. तांब्याचेही तसेच. जलतरण तलावात शेवाळ मारण्यासाठी टाकलेल्या तांब्याच्या क्षारांमुळे फिकट केस हिरवट झाल्याची उदाहरणे त्वचारोगतज्ज्ञांना चांगली ठाऊक आहेत. कोंड्यावरील काही शाम्पूंत झिंक पायरिथिऑन असते, काहींत सेलेनियम सल्फाइड, आणि ते वापरणाऱ्याच्या केसांत जस्त किंवा सेलेनियम वाढलेले दिसते. आपले जस्त कमी दिसले आहे. पण जस्त ज्यांना खरोखर फार कमी पडते त्यांच्या केसांची वाढच मंदावते, आणि हळू वाढणाऱ्या केसात मिलिग्रॅममागे जस्त नेहमीइतके किंवा जास्तही मोजले जाऊ शकते. कुपोषित मुलांच्या बाबतीत हा उलटा अनुभव आलेला आहे. त्यामुळे केसांतील जस्ताचा आकडा कमी असो वा जास्त, एका व्यक्तीसाठी त्यावरून निदान करता येत नाही.

प्रयोगशाळा एकमेकींशी तरी जुळतात का, हे किमान दोनदा नीट तपासले गेले आहे. १९८५ साली अमेरिकेतील डॉ. स्टीफन बॅरेट यांनी दोन निरोगी किशोरवयीन मुलींचे केस १३ व्यावसायिक प्रयोगशाळांना पाठवले. त्यांचे अहवाल एकमेकांशी जुळले नाहीत, आणि एकाच प्रयोगशाळेला पाठवलेल्या एकसारख्या नमुन्यांचेही पुष्कळदा जुळले नाहीत. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातील शॅरन सायडेल आणि सहकाऱ्यांनी एकाच निरोगी व्यक्तीच्या केसांचे भाग करून सहा प्रयोगशाळांना दिले. अमेरिकेतील असे बहुतेक नमुने त्या काळी याच सहा ठिकाणी जात. बारा खनिजांच्या बाबतीत सर्वांत मोठा आकडा सर्वांत लहान आकड्याच्या दहा पटींहून अधिक निघाला. ‘सामान्य’ म्हणजे किती, याच्या मर्यादाही प्रत्येकीच्या निराळ्या असल्यामुळे जवळजवळ प्रत्येक खनिज एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आणि तिसरीकडे ठीक ठरले. अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही अशा तपासणीवरून उपचाराची गरज ठरवण्यास स्पष्ट विरोध नोंदवलेला आहे. आपल्या अहवालातील हिरव्या-लाल पट्ट्या पाहताना हे ध्यानात घ्यावे. त्या पट्ट्यांच्या कडा कोणी, कोणत्या लोकांच्या केसांवरून आखल्या, हे अहवालात लिहिलेले नसते.

मग केसांची तपासणी खरी कुठे उपयोगी पडते, हेही सांगायला हवे, नाहीतर माझे बोलणे एकांगी होईल. उपयोग असतो तो बाहेरून शरीरात गेलेल्या मोजक्या विषांसाठी, आणि त्यांत पहिला मान मिथाइल पाऱ्याचा. तो रक्तातून वाढत्या केसात शिरतो आणि तिथेच पक्का बसतो. केसांतील त्याचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा सुमारे अडीचशे पट असते. १९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये पेरणीसाठी आलेला, बुरशीनाशक म्हणून मिथाइल पारा लावलेला गहू शेतकरी कुटुंबांनी दळून भाकरीत खाल्ला. ६,५३० लोक रुग्णालयात दाखल झाले आणि त्यांतले ४५९ दगावले. तेव्हा संशोधकांनी आजारी मातांच्या लांब केसांचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील पारा मोजला, आणि कोणत्या महिन्यात विष पोटात गेले, ती बाई तेव्हा किती महिन्यांची गरोदर होती, हे जवळजवळ दिनदर्शिकेसारखे वाचले. रक्ताचा नमुना आजची गोष्ट सांगतो आणि केस गेल्या काही महिन्यांची, हे केसाचे सामर्थ्य तिथे पूर्णपणे कामी आले. आर्सेनिकचेही काहीसे असेच आहे. केरॅटिनमधील गंधकाच्या गटांशी त्याचे फार जमते, आणि पश्चिम बंगालमधील दूषित विहिरींच्या अभ्यासात जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्ती यांच्या गटाने पाण्याबरोबर लोकांचे केस, नखे आणि लघवीही तपासली. पण तिथेही अडचण उरतेच, कारण त्याच दूषित पाण्याने केस धुतले तर बाहेरून चिकटलेले आर्सेनिक आतल्यापासून वेगळे ओळखता येत नाही. म्हणून एकट्या केसावर कोणी निष्कर्ष काढत नाही.

आपल्याकडचेच अगदी अलीकडचे उदाहरण बुलढाण्याचे आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत हातात येऊ लागले, कित्येकांना टक्कल पडले. आधी पाण्यावर संशय आला, शाम्पूवर आला, बुरशीवर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पथक आले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतःहून तिथे जाऊन नमुने गोळा केले. विंचूदंशावरील कामामुळे त्यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहेच. रक्त, लघवी आणि केस या तिन्हींत सेलेनियम कितीतरी पटींनी वाढलेले आणि जस्त मात्र कमी आढळल्याचे त्यांनी सांगितले आणि त्याचा संबंध पंजाबकडून रेशनवर आलेल्या गव्हाशी जोडला. पंजाबच्या होशियारपूर-नवांशहर पट्ट्यातील जमिनीत सेलेनियम जास्त असते, हे कृषिशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत आहे. या घटनेत केसांच्या तपासणीला वजन होते, कारण एकाच गावातील अनेक माणसांना एकाच वेळी एकच त्रास झाला होता, केसांचा आकडा रक्त आणि लघवीच्या आकड्याशी जुळत होता, आणि शोधायचे विष एक होते. आपल्या अहवालात यांपैकी काहीच नाही. तीसेक मूलद्रव्यांची यादी आहे, पण सोबत रक्ताचा एकही आकडा नाही.

बुलढाण्याचा उल्लेख करण्याचे दुसरेही कारण आहे. आपल्याला दिलेल्या पाच डब्यांपैकी एकात सेलेनियम आहे आणि दुसऱ्या ‘केसांसाठीच्या’ डब्यातही आहे. सेलेनियम दीर्घकाळ जास्त झाले की नेहमी दिसणारे लक्षण म्हणजे केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे. केस गळतात म्हणून जे घ्यायचे त्यानेच ते गळू शकतात. जस्ताची ५० मिलिग्रॅमची गोळी सहा महिने रोज घेतली तर ती आतड्यात तांब्याचे शोषण अडवते, आणि तांबे कमी पडल्याने येणारा रक्तक्षय व पायांतील बधिरपणा हे डॉक्टरांनाही चकवणारे दुखणे आहे. प्रौढांसाठी जस्ताची वरची मर्यादा अमेरिकेत दिवसाला ४० मिलिग्रॅम धरतात.

आता आपल्या थकव्याविषयी माझी एक दाट शंका आहे. डब्यांतील कॅल्शियम आणि लोह आपण सकाळी थायरॉक्सिनबरोबरच घेता, असे आपण लिहिले आहे. ही दोन्ही थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात आणि ते रक्तात उतरू देत नाहीत. गोळी पोटात जाते, पण अंगी लागत नाही. पूरके सुरू केल्यापासून थकवा वाढला असे आपण म्हणता, त्याचे कारण हेच असू शकेल. थायरॉक्सिन उठल्या उठल्या रिकाम्या पोटी फक्त पाण्याबरोबर घ्यावे, चहा अर्ध्या ते एक तासाने घ्यावा, आणि कॅल्शियम किंवा लोह घ्यायचेच असेल तर ते चार तासांच्या अंतराने घ्यावे.

तिसऱ्या डब्यात बायोटिन हे ब गटातील जीवनसत्त्व आहे, १० मिलिग्रॅम. हे मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण दवाखान्यात हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अनेक प्रयोगशाळांच्या यंत्रांत संप्रेरके मोजण्याच्या रसायनक्रियेतच बायोटिन वापरलेले असते. रुग्णाच्या रक्तात ते भरपूर असले की मोजणी फसते. टीएसएच खोटे कमी दिसते आणि फ्री टी-४ खोटे जास्त. म्हणजे प्रत्यक्षात थायरॉइड कमी असलेल्या बाईचा अहवाल थायरॉइड वाढल्यासारखा येतो आणि डॉक्टर गोळी कमी करतात. फेरिटिनही खोटे कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली यासंबंधी जाहीर इशारा दिला होता. तेव्हा रक्त द्यायच्या आधी किमान तीन दिवस बायोटिन पूर्ण बंद ठेवा आणि रक्त घेणाऱ्याला तसे सांगा. आमच्या प्रयोगशाळेतही अर्जावर हा प्रश्न आम्ही गेल्या काही वर्षांतच छापू लागलो. तो आधी छापायला हवा होता.

तपासण्या कोणत्या, तर सीबीसी (हिमोग्लोबिन व रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच आणि फ्री टी-४, जीवनसत्त्व बी-१२, आणि जमल्यास २५-हायड्रॉक्सी जीवनसत्त्व डी. या सर्व तालुक्याच्या गावी होतात. फेरिटिनवर माझा भर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन घसरण्यापूर्वी कितीतरी आधी फेरिटिन घसरते आणि केस तेव्हापासूनच गळू शकतात. १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटरखाली ते निश्चित कमी समजतात. केसांच्या तक्रारीत ३०-४० च्या खाली असले तरी बरेच डॉक्टर लोह देतात, आणि मलाही ते योग्य वाटते. मात्र अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन फसवे जास्त येते, म्हणून तेव्हा तपासू नये. बी-१२ चा आग्रह आपण शाकाहारी आहात म्हणून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आपल्या लोकांत ही कमतरता किती पसरलेली आहे, हे वर्षानुवर्षांच्या कामातून दाखवले आहे. केसांच्या अहवालातील कोबाल्टच्या आकड्यावरून बी-१२ कळते असे कोणी म्हटले तर ते मानू नये.

आणखी एक आठवून पाहा. केस गळायला लागण्याच्या दोन-तीन महिने आधी डेंग्यू, टायफॉइड, मोठा ताप, शस्त्रक्रिया, घरात मोठे दुःख किंवा झपाट्याने घटवलेले वजन यांपैकी काही घडले होते का? अशा धक्क्याने वाढीच्या अवस्थेतील केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्र गळतात. तसे असेल तर ते सहसा सहा महिन्यांत आपोआप थांबते. पाळीच्या रक्तस्रावाविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांना ते मोकळेपणाने सांगा.

मुलाबद्दल आता. त्याचे केस पाठवू नका. अशा अहवालात अ‍ॅल्युमिनियम, शिसे किंवा पारा थोडासा वर दिसला की ‘शरीरातून जड धातू काढण्याचे’ उपचार सुचवले जातात, आणि तिथे गोष्ट पैशापुरती राहत नाही. २००५ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात स्वमग्न असलेल्या पाच वर्षांच्या मुलाला यासाठी ईडीटीए हे धातूंना बांधून बाहेर काढणारे औषध शिरेतून दिले, रक्तातील कॅल्शियम एकाएकी कोसळले आणि त्याचे हृदय थांबले. हे औषध खऱ्या शिसेबाधेत, योग्य प्रकारचे आणि रुग्णालयातच देतात. शिशाची खरोखर शंका असेल, म्हणजे घराजवळ बॅटऱ्या गाळण्याचे काम चालते, भिंतींच्या जुन्या रंगाचे पोपडे मूल खाते, डोळ्यांत सुरमा घातला जातो, किंवा त्याला धातूची भस्मे दिली गेली आहेत, तर शिरेतील रक्तातील शिसे तपासून घ्यावे. त्यासाठी रक्त वेगळ्या, धातुविरहित नळीत घ्यावे लागते. ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आले तर बालरोगतज्ज्ञांनी त्याचा माग काढायला हवा. यांपैकी काही नसेल, तर आधी त्याचे डोळे आणि कान तपासा, झोप किती होते ते पाहा, आणि हिमोग्लोबिन व फेरिटिन करा. नऊ वर्षांच्या मुलाला फळ्यावरचे दिसत नसले तरी ते तो आपणहून सांगेलच असे नाही. आपण शिक्षिका आहात, हे आपण माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिले असेल.

पुढचा क्रम असा ठेवा. पाचही डबे आजपासून बाजूला ठेवा आणि त्यांची लेबले डॉक्टरांना दाखवण्यासाठी जपून ठेवा. थायरॉक्सिन वर सांगितल्याप्रमाणे रिकाम्या पोटी चालू ठेवा. तीन दिवसांनंतर सीबीसी, फेरिटिन आणि बी-१२ करून घ्या. टीएसएच व फ्री टी-४ साठी मात्र सहा ते आठ आठवडे थांबा, कारण गोळी नीट अंगी लागू लागल्यावर टीएसएच स्थिरावायला तेवढा काळ लागतो. मधल्या काळात थकवा असह्य झाला, छातीत धडधडले किंवा चालताना धाप लागली, तर थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. आणि ज्या दिवशी रक्त द्याल त्या दिवशी थायरॉक्सिनची गोळी नमुना दिल्यानंतर घ्या.